चंद्रकळेचं झबलं आणि पतंगाची कोरी दोरी

"काटा आला गं!" असं आई (माझ्या सासूबाई) सकाळी सव्वासहाला स्वयंपाकघरातून ओरडल्या आणि आमचं अख्खं घर पांघरुणं टाकून धावलं, बाबा तर कानटोपी न घालताच. परातीत संक्रांतीच्या हलव्याचे पांढरेशुभ्र साबुदाण्याएवढे दाणे आणि प्रत्येकाला बारीक बारीक टोकं फुटलेली, अगदी जाईच्या कळ्या चुरगळून टाकल्यासारखी. तीन दिवस आम्ही त्या टोकांची वाट बघत होतो. आईंच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्याही आलं, आणि दादा (म्हणजे माझा मुलगा, वय वर्षं आठ, चिऊ झाल्यापासून घरात सगळे त्याला दादाच म्हणतात) विचारत होता की आता हे खायचं की नाही.

तर झालं असं की मागच्या वर्षी चिऊची पहिली संक्रांत होती आणि नेमका तिला ताप आला, रथसप्तमी पण तशीच गेली, बोरन्हाण राहूनच गेलं. आपल्यात पाच वर्षांपर्यंत कधीही करतात हे खरं पण मनाला लागून राहिलं होतं ते राहिलंच. म्हणून यंदा दिवाळीचे कंदील उतरवले त्याच दिवशी ठरवलं की चिऊला नखशिखान्त सजवायचं आणि दागिने बाजारातून नाही आणायचे, हलवा सुद्धा घरीच करायचा. बाजारात तयार सेट मिळतात आणि दिसतात पण छान, पण त्यात दाणे गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात आणि दीड-दोन वर्षाचं मूल पहिली गोष्ट काय करतं तर बांगडी तोंडात घालतं. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

बडोद्याबाहेरच्यांना एक सांगायला हवं. आमच्याकडे 14 जानेवारीला एकाच घरात दोन सण असतात. खाली देवघरासमोर सुगडं, हळदीकुंकू, काळी साडी, तिळगूळ, आणि वर अगाशीवर (गच्ची हा शब्द आमच्या घरात कुणी वापरतच नाही) पतंगांचं उत्तरायण, स्पीकर, फिरकी, पिपुड्या (फुंकून वाजवायचे भोंगे) आणि पतंग कापला की "काय पो छे!" आईंचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथेच राहिले, तेव्हापासून चार पिढ्या आम्ही जिन्यावरून खाली-वर करतोय आणि त्यातलं एकही सोडायला कुणी तयार नाही.

हलव्याचं सांगते, कारण खूप जणी विचारतायत. साबुदाणा आधी कोरडाच मंद भाजून घ्यायचा. साखरेत बुडेल एवढं पाणी घालून पाक करायचा, उकळी आली की चमचाभर दूध, मग वर काळपट फेस येतो ती मळी, ती सगळी काढून टाकायची नाहीतर हलवा पांढरा होत नाही. पाक पातळच ठेवायचा, तार यायच्या जरा अलीकडे. मग पसरट परात अगदी बारीक आचेवर, त्यात साबुदाणा, आणि त्यावर एक छोटा चमचा पाक. एकच. आणि हाताने हलवत राहायचं, बोटांच्या टोकांनी, हळू, गोलगोल, पाक सुकून दाणे मोकळे झाले की पुढचा चमचा. घाई करून दोन चमचे घातले की दाणे एकमेकांना चिकटतात, आणि आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते. रोज दोन-अडीच तास असं तीन-चार दिवस. काटा येतो तो थंडीत, हवा कोरडी असली तर, म्हणून आई पहाटे पाचला बसायच्या, खिडकी उघडी टाकून, अंगावर शाल आणि समोर परात. बडोद्यात कितीशी थंडी असते हो, पण जानेवारीतली पहाट खरंच गार असते आणि त्या तेवढ्या दोन तासांवर सगळा हलवा अवलंबून.

साबुदाण्याचा झाला मोत्यांसाठी. खसखशीचा अगदी बारीक, तो नाजूक माळेला. कलिंगडाच्या बियांच्या मगजाचा पाकळ्यांसाठी, आणि लवंगेचा कर्णफुलांसाठी, कारण लवंगेला देठ असतो आणि तो दोऱ्यात छान अडकतो. लवंगेचा हलवा मी पहिल्यांदाच केला आणि सगळ्यात सुंदर तोच झाला असं माझं प्रामाणिक मत आहे. मुंग्यांसाठी मात्र पहिल्या दिवसापासून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा पाण्याच्या ताटलीत.

आता काळं कापड. मी आणि आई मंगळबाजारात गेलो, न्यायमंदिराकडून आत शिरलो, चार दुकानं झाली, लहान बाळांचं सगळं गुलाबी नाहीतर पिवळं. पाचव्या दुकानातले काका म्हणाले, "बेन, तहेवारमां नानी बेबीने काळुं?" त्यांचा चेहराच पडला, सणाला बाळाला काळं कोण घालतं! मग आईंनी तिथेच स्टुलावर बसून त्यांना समजावलं की आमच्यात एरवी सणाला काळं चालत नाही पण संक्रांतीला मुद्दाम घालतात, थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरून ठेवतो, आणि त्यावर पांढरा हलवा कसा उठून दिसतो ते. काकांना इतकं आवडलं की त्यांनी माळ्यावरून दोन खोकी खाली काढली. काळा फ्रॉक निघाला सुद्धा, पण नायलॉनचा, आतून टोचणारा, आणि मानेशी चमकीची लेस. नाही घेतला. काकांना वाईट वाटलं आणि आम्हालाही.

घरी आल्यावर आई काही न बोलता आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली त्यांची चंद्रकळा घेऊन आल्या. काळी सुती साडी, लाल काठ. 1984 ची, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, ह्याच साडीवर त्यांना हलव्याचे दागिने घातले होते. घडीवर विरली होती, नेसण्यासारखी राहिली नव्हती, पण पदराजवळचं कापड अजून धड होतं. मी म्हटलं आई नको, ठेवा आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं, कपाटात ठेवून कुणाला आठवण येते? मलाच विसरायला झाली होती." आणि कात्री लावली. पहिला कापा घेताना हात थांबला त्यांचा, मी बघितलं, मग सर्रकन कापलं.

झबलं शिवलं जुन्या पद्धतीचं, मागे बांधायचे बंद असलेलं, बटण नाही. साडीचा लाल काठ बरोबर खाली घेराला आला. चाळीस वर्षं धुतलेलं सुती कापड किती मऊ असतं ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही. तुकडा उरला त्याचं टोपडं केलं, आणि ते फार उपयोगी पडलं कारण मुकुट नुसता डोक्यावर बांधला तर चिऊ दोन सेकंदात ओढून काढते, म्हणून मुकुट टोपड्यावरच शिवून टाकला. ही युक्ती सगळ्या आयांनी करून बघा.

दागिने ओवायला बसलो आणि तिथे खरी अडचण. हलव्यात सुई जात नाही, दाणा फुटतो. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या फासात पकडायचा आणि गाठ मारायची, परत पुढचा दाणा, परत गाठ. माझ्याकडून गाठ सैल राहायची आणि दाणा टपकन खाली. शिवणाचा दोरा फारच बारीक पडत होता. बाबा शेजारी बसून पतंगांना किन्ना बांधत होते, रात्री नऊ वाजता, एकामागोमाग एक, वर दोन भोकं खाली दोन भोकं, दोरी आत बाहेर आणि गाठ, तोंडाने शिट्टी वाजवत. थोडा वेळ त्यांनी माझी धडपड बघितली आणि म्हणाले, "आण इकडे." त्यांनी फिरकीवरची कोरी दोरी घेतली, म्हणजे मांजा चढवायच्या आधीची, काच नाही रंग नाही, साधा सुती दोरा, आणि किन्न्याचीच गाठ हलव्याला मारली. दाणा हलला नाही. पन्नास वर्षं पतंगाला जी गाठ मारली ती! त्या रात्री बाबांनी हार, बाजूबंद आणि कमरपट्टा एकट्यांनी केला, साडेबारा वाजले, आई दोनदा झोपा म्हणून सांगून गेल्या आणि तिसऱ्यांदा आल्या त्या स्वतःच पाकळ्या निवडायला बसल्या. आमच्या ह्यांनी पुठ्ठा कापून त्यावर सोनेरी जर लावली. दादाला काम दिलं होतं फुटके दाणे वेगळे काढायचं, तो ते वेगळे काढून थेट तोंडात टाकत होता, मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पतंगांची तयारी तर चालूच होती. गेंडीगेटला रस्त्याच्या कडेने दोऱ्या ताणलेल्या असतात आणि मांजा चढवणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी, तिथून बाप-लेक पाच हजार वारची फिरकी रंगवून घेऊन आले, दोन कोडी पतंग, त्यातले खंभातचे पतंग वेगळे बांधलेले. चायनीज दोरी (नायलॉनची) आमच्या घरात येत नाही, नुसती बंदी आहे म्हणून नव्हे, तर गळे कापले जातात त्याने माणसांचे आणि पाखरांचे. जानेवारी लागला की आमची ॲक्टिव्हा पण सजते, हँडलवर लोखंडी सळईची कमान, म्हणजे दोरी आडवी आली तर वरच्यावर अडकावी, आणि गळ्याला जाड मफलर. दादाच्या बोटांना चिकटपट्टी, टोपी, गॉगल, गळ्यात पिपुडी. तो आठवडाभर आधीपासून हा पूर्ण पोशाख घालून आरशासमोर उभा राहत होता.

भोगीची भाजी घ्यायला खंडेराव मार्केटला गेले तर सगळीकडे उंधियुची पापडी, छोटी वांगी, जांभळे कंद. नवीन सुनांनी लक्षात ठेवा, इथे "रताळु" मागितलं तर तो जांभळा कंद हातात मिळतो, आपल्या रताळ्याला "शक्करियुं" म्हणायचं. माझी पहिली भोगीची भाजी लग्नानंतर त्या कंदाची झाली होती आणि बाबांनी दोनदा मागून घेतली म्हणून तेव्हापासून आमच्याकडे तो घालायचाच.

यंदा संक्रांतीला षटतिला एकादशी आली, त्यामुळे आई-बाबांचा उपास. हलव्याचा साबुदाणा उरला होता त्याची खिचडी झाली आणि गुळपोळ्या दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणला केल्या. सकाळी सुगडं पुजली, त्यात ओले हरभरे, उसाची कांडी, बोरं, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ. नऊच्या आत वर कुणी गेलं नाही, ती वेळ पाखरांची बाहेर पडायची असते, आणि संध्याकाळी पाचनंतर ती परतायला लागतात तेव्हाही फिरकी गुंडाळायची हा बाबांचा नियम, त्यावर दादाची रडारड झाली तरी. सगळ्यांनी काळं घातलं होतं, ह्यांचा काळा कुर्ता, माझी काळी इरकल. फक्त एक, बडोद्याच्या अगाशीवर दुपारी बाराच्या उन्हात काळे कपडे अक्षरशः तापतात, तेव्हा दुपारी पांढरे टीशर्ट आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला परत काळं असं करा, आम्ही तेच केलं.

बोरन्हाण ठेवलं रविवारी, 18 तारखेला. उत्तरायणच्या दिवशी कुठलंच पोर अगाशी सोडून खाली येणार नाही हे सगळ्या बडोदेकरांना माहीत आहे. चिऊ अजून लहान म्हणून वरून ओतायला शेंगदाणे आणि हरभरे अजिबात घेतले नाहीत, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो असं आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, बोरं आणि उसाचे करवे नुसते पाटाभोवती मांडले आणि मोठ्या मुलांना नंतर वाटले. डोक्यावरून फक्त कुरमुरे आणि पाकळ्या. आणि दागिने घातल्यापासून माझी नजर तिच्या हातावरून हलली नाही, मनगटातल्या बांगड्या तर फोटो झाल्या झाल्या काढल्या.

पाटावर बसली तेव्हा ती इतकी शांत झाली की मलाच भीती वाटली. काळं झबलं, लाल काठ पायावर, हलव्याचा हार पोटापर्यंत, टोपड्यावर मुकुट. आईंनी औक्षण केलं. समोरच्या बेन आणि त्यांच्या सुना पहिल्यांदाच बघत होत्या, त्या म्हणाल्या ही तर छोटी राणी. दादाने वाटीतून पहिले कुरमुरे ओतले आणि चिऊ एकदम खळखळून हसली, वर हात करून "अजू, अजू" म्हणजे अजून, आणि मग पाच-सहा पोरं एकदमच तुटून पडली. बाबा कोपऱ्यात उभे होते, मोबाईल हातात, पण फोटो काढायचे विसरले.

रात्री झबलं मी हातानेच धुतलं, रिठ्याच्या पाण्यात. आता वाळून घडी करून त्या मलमलच्या फडक्यातच ठेवलंय. जाऊबाईंना एप्रिलमध्ये नववा महिना आहे. बंद लांब ठेवले होते आईंनी, तेव्हा कळलं नव्हतं कशाला.