एकोणचाळीस आर आणि सात सह्या

रेल्वेच्या संग्रहालयाला जागा लांबट लागते. घराला, शाळेला, समाजमंदिराला चौकोनी तुकडा चालतो. पण रुळावर डबा उभा करायचा, त्याला पुढून इंजिन लावायचं, ते इंजिन सोडून दुसऱ्या रुळावरून मागे आणायचं आणि दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जोडणी, बसवायचे, म्हटलं की बघता बघता दीडशे मीटर खर्ची पडतात. रुंदी दहा मीटर असली तरी भागतं. असा लांबट तुकडा बाजारात कुणी विकायला काढत नाही; तो शोधावा लागतो, आणि सापडला की त्याच्या कागदांत शिरावं लागतं. कागद कळतात या एकाच पात्रतेवर संस्थेनं मला, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला, खजिनदार केलं होतं. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

आमची संस्था छोटी. पगारी माणूस एकही नाही. एक निवृत्त गार्ड, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले दोन फिटर, काही शिक्षक, कॉलेजची चार-पाच पोरं. विषय एकच, बार्शी लाइट ही जुनी अरुंद रुळांची रेल्वे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ७६२ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर असलेली, ही लाइन सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. रूळ हलके, खर्च कमी, आणि तरीही माल भरपूर. पुढे १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं आणि लातूरकडचा मार्ग तर उस्मानाबादकडे वळवून नव्यानंच टाकला. जुनी लाइन शेतांत, बांधांत, कुणाच्या गोठ्यामागे विरून गेली.

आमच्याकडे हातदिवे, टोकन, पुठ्ठ्याची तिकिटं, ती पंच करायचं यंत्र, सिग्नलचा एक हात आणि भंगाराच्या लिलावातून सुटलेला एक मालडबा. बाकी सगळं भाड्याच्या गोदामात मावतं, डबा मावत नाही. तो अंगणात ताडपत्रीखाली. तो आणला तेव्हा ट्रेलर वळेना म्हणून वाटेतल्या बाभळीच्या फांद्या तोडाव्या लागल्या होत्या, आणि बाभळीच्या मालकाची समजूत काढायला गार्डसाहेबांची अर्धी सकाळ गेली होती.

पैसे थोडे जमले तेव्हा बहुतेकांचं म्हणणं, आधी गोदामाच्या मालकाशी बोलून शेड वाढवू. मी आणि गार्डसाहेब जागेच्या बाजूचे. गार्डसाहेबांनी बैठकीत वेल्समधल्या वेल्शपूल-लानफेअर लाइनचं उदाहरण काढलं. गेज आपलंच, ७६२. १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी ती पुन्हा चालवायला घेतली, पण शहरातून जाणारा तुकडा त्याच सुमाराला हातचा गेला. तो आजतागायत परत आलेला नाही. १९८१ मध्ये त्यांना शहराच्या कडेला नवं स्टेशन बांधावं लागलं. उलट कॅलथ्रॉपचीच इंग्लंडमधली लीक-मॅनिफोल्ड लाइन १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले, पण जमीन तुकडे न होता तिथल्या कौंटी कौन्सिलकडे गेली आणि १९३७ पासून लोक त्यावरून पायी फिरतात. इमारत कधीही बांधता येते, गेलेली जमीन परत मिळत नाही, हे त्यावरून सगळ्यांना पटलं. सगळ्यांना म्हणजे, एक शिक्षक शेवटपर्यंत कुरकुरत होते, पण वर्गणी त्यांचीच पहिली आली.

जमिनीचा गट सापडला तो असा. एक टोक डांबरी रस्त्याला, दुसरं रेल्वेच्या कुंपणाला. लांबी एकशे ऐंशी मीटरच्या आसपास, रुंदी बावीसला थोडी कमी. क्षेत्र ० हेक्टर ३९ आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर), जिरायत. ज्वारी, कधी तूर, बाकी वेळ पड. मालक तीन भाऊ, त्यांतले मधले वारलेले. थोरल्या अण्णांशी बोलणी सुरू झाली. आम्हाला अर्धी रुंदी पुरेशी होती, म्हणून आम्ही अठरा आर मागितले. अण्णांनाही तेच बरं वाटलं, राहिलेलं धाकट्याला ठेवता येईल म्हणून.

इथं तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकायला मनाई करणारा कायदा, आडवी आली. २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र वीस आर आणि बागायतीचं दहा आर ठरवलं. अठरा आरचं खरेदीखत होणार नाही. बरं, वीस घ्यावेत तर मागे एकोणीस उरतात, म्हणजे तोही तुकडाच. एकोणचाळीसचे दोन कायदेशीर भाग पडतच नाहीत. घ्यायचा तर अख्खा गट, नाहीतर काहीच नाही. आमच्या अंदाजपत्रकाला ते झेपणारं नव्हतं, तरी मला मनातून आनंद झाला. दुसरी रांग, झाडं, पार्किंग, कधीतरी एखादं छोटं वर्कशॉप, हे सगळं ज्या जागेवर होणार ती जागा आम्ही स्वतःहून कधीच मागितली नसती.

कर्ज काढावं असं कुणीतरी सुचवलं. सार्वजनिक न्यासाला ते परस्पर काढता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती मागायची, मग हप्ते फेडायला दरवर्षी लोकांपुढे हात पसरायचे, हे मला मान्य नव्हतं. वर्गणीच जमवली. गावोगावचे जुने रेल्वेवाले पाचशे, हजार रोख द्यायचे. दोन हजारांपुढे रोख दिली तर देणगीवरची आयकराची, म्हणजे ८०जी ची, सवलत मिळत नाही, हे प्रत्येकाला सांगावं लागे आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "आम्हाला कुठं इन्कमटॅक्स आहे, सर?" मोठे आकडे पुण्या-मुंबईकडून आले, बँकेतून आले.

रोखीचा विषय दुसऱ्या बाजूनंही निघाला. मध्यस्थ म्हणाला, निम्मे कागदावर दाखवू, निम्मे हातात. तुमचा मुद्रांकही वाचेल. वाचत नाही. सरकारी मूल्यदर आणि ठरलेली किंमत यांत जी जास्त, तिच्यावरच मुद्रांक भरायचा. आणि वाचला असता तरी न्यासाच्या वहीत निम्मे पैसे कुठं लिहायचे? मी त्याला वही उघडून दाखवली. त्यानंतर तो आमच्याशी जरा तुटकच वागला, पण अण्णा मात्र सैल झाले. पूर्ण किंमत कागदावर आली की भावाभावांत उद्या संशय नको, हे त्यांनीच धाकट्याला समजावलं.

खरा वेळ गेला तो नावांत. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात तीन भाऊ, आणि तीन बहिणींची नावं 'इतर हक्कां'त. आपल्याकडे हे घरोघर असंच. वडील गेले की मुलगे वर, मुली कडेला. मध्यस्थ म्हणाला, बहिणींची हक्कसोड घेऊ, म्हणजे वाटा सोडल्याचं लिहून घेऊ, एका दिवसाचं काम. अण्णांचाही तोच सूर, "त्या काय मागणार नाहीत." मागणार नाहीत हे त्यांना विचारून ठरलं होतं का, तर नाही. मी आणि आमच्या वकीलबाई एका गोष्टीवर अडून बसलो. हक्कसोड नको, सहाही वाटण्या खरेदीखतात लिहायच्या आणि प्रत्येकीचा डिमांड ड्राफ्ट वेगळा. कायद्यानं हक्कसोड चालली असती. पण लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या जागेच्या मुळाशी एखाद्या बहिणीची नाराजी नको, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

मधली बहीण पुण्यात. फोनवर आधी तुसडेपणानं बोलली. मग समजलं की भावांकडून जमिनीचा विषय तिनं अजून ऐकलेलाच नव्हता, पहिल्यांदा ऐकला तो माझ्याकडून. दोन्ही घरांत त्या रात्री बरंच काही झालं असणार. आठवडाभरानं तिचाच फोन आला, "ड्राफ्ट माझ्या नावानं निघणार ना? मग येते." मधल्या भावाची वारसनोंद राहिली होती. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, आणि मग त्यांची पत्नी आणि मुलगा अशी दोन नावं चढली. एकूण सात सह्या.

त्यातच वकिलांच्या शोध अहवालात जमिनीवर गावच्या विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसला. कर्ज अण्णांच्या वडिलांनी काढलं, वडिलांनीच फेडलं, पण बोजा कमी करायला कुणी गेलंच नव्हतं. सोसायटीत तेव्हाचे सचिव नव्हते, जुन्या वह्या कपाटात, कपाटाची किल्ली तिसऱ्याकडे. शेवटी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं नसल्याचा कागद, मिळाला. माझ्या बँकेतल्या नोकरीत मी असे दाखले शेकड्यांनी दिले आहेत. मागणाऱ्या बाजूला बसल्यावर त्या चार ओळींचं वजन कळलं.

जमीन शेतीची, घेणारी संस्था. संस्था शेतकरी नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शैक्षणिक आणि धर्मादाय संस्थांसाठी नियमांत जागा आहे, म्हणून अर्ज टाकला. आमच्या ठरावात लिहिलं होतं की ही जागा भविष्यातल्या विस्तारासाठी घेत आहोत. तेवढ्यावर त्रुटी निघाली. आज काय करणार ते सांगा, किती मुदतीत करणार ते सांगा. त्यांचंही बरोबर होतं. उद्यासाठी म्हणून शेतजमीन अडवून ठेवणाऱ्यांनी गावंच्या गावं गिळली आहेत, कायदा त्यांच्यासाठीच आहे. मग फिटरकाकांना बसवलं आणि टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात कुंपण, फाटक, एकेरी रूळ आणि डब्यासाठी शेड, दुसऱ्यात समांतर रूळ आणि सांधे, तिसऱ्यात दालन. रेल्वेच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत बांधकाम करायला रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो, म्हणून त्या टोकाला नकाशावर नुसती झाडं दाखवली. फाटक रस्त्याच्या बाजूला आणि भरपूर रुंद. बाभळीची आठवण सगळ्यांनाच होती. हा नकाशा कॉलेजच्या पोरीनं काढला. मला विचाराल तर अख्ख्या फाइलमध्ये वाचण्यासारखा कागद तो एकच. परवानगी मिळाली, अटींसकट. वापर मुदतीत सुरू झाला पाहिजे ही त्यांतली मुख्य.

मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक रोव्हर घेऊन आला. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, तरी पूर्वेकडचे शेजारी आले ते हात मागे बांधूनच. बांध सरकून सरकून कुठं गेला आहे हे त्यांना मोजणीच्या आधीच माहीत होतं. दगड त्यांच्या तुरीत दोन ओळी आत पडला. कुणीच काही बोललं नाही. मग अण्णाच म्हणाले, "तूर निघाल्यावर दगड पुरू, तोवर खुंटी राहू द्या." भूकरमापकानं खुंटीला लाल रंग फासला, आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, वेळेवर हातात आली.

जाहीर नोटिशीवर कुणाची हरकत आली नाही. दुय्यम निबंधकांकडे सातही जण हजर. सगळ्यांचे फोटो झाले, सह्या झाल्या, आणि थोरल्या आक्कांच्या अंगठ्याशी गाडी अडली. वय ऐंशीच्या पुढं. उभा जन्म खुरपणीत आणि भाकरी थापण्यात गेलेला. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. ऑपरेटरनं काच पुसली, अंगठा ओल्या रुमालानं पुसला, जरा दाबून धरायला सांगितलं. यंत्र घेईना. आक्का त्याला म्हणाल्या, "बाळा, जरा डावा घेऊन बघ, तो कामाला कमी लागलाय." मग इतर बोटं लावून बघितली, आणि एकदाचं ते घेतलं. नोंदणी फी एक टक्का असली तरी तीस हजारांच्या वर जात नाही, एवढाच काय तो त्या दिवशीचा स्वस्त प्रकार. ड्राफ्ट मी एकेकाच्या हातात दिले. पुण्याच्या बहिणीनं आपला ड्राफ्ट दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला आणि सगळ्यांना उसाचा रस पाजला, भावांनाही.

यापुढचं सांगण्यासारखं थोडंच. फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. न्यासाच्या मालमत्तेत भर पडली की धर्मादाय कार्यालयात तसा बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत द्यायचा असतो. बऱ्याच संस्था इथंच झोपतात, आणि पुढं वर्षानुवर्षं जागा न्यासाच्या नोंदवहीवर येतच नाही. अर्जासोबत खरेदीखत, नवा सातबारा आणि परवानगीचा आदेश जोडला.

आता कुंपणाची दरपत्रकं मागवली आहेत. दगड पुरायला गेलो तेव्हा पूर्वेकडचे शेजारी बांधावर येऊन थांबले. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि मग म्हणाले, आमचाही गट असाच लांबट आहे, तुमच्या रेल्वेला लागत असला तर बघा. दर विचारला. आम्ही अण्णांना दिला त्याच्या दीडपट सांगितला.