तिसरं ॲनिमॅटिक: क्लोजअप आधीच संपले होते

आमच्या म्युझिक व्हिडिओचं तिसरं ॲनिमॅटिक (शूटआधी गाण्यावर शॉटची चित्रं लावून केलेला कच्चा व्हिडिओ) काल बघितलं आणि दुसरं ध्रुवपद पुन्हा पडलं. मागच्या वेळी मी दोष कटिंगच्या वेगावर ढकलला होता. तो चुकीचा निघाला.

गाणं ९६ बीपीएमचं (मिनिटाला ९६ बीट), शूट सेकंदाला २४ फ्रेमवर. म्हणजे एक बीट बरोबर १५ फ्रेमची आणि चार बीटचा बार ६० फ्रेमचा, अडीच सेकंदांचा. दुसरं ध्रुवपद आठ बारचं, म्हणजे २० सेकंद. त्यात आठ शॉट होते, ते वाढवून सोळा केले, दर दोन बीटला कट. आणखीच बिघडलं. डोळा नुसता पळत राहिला, गायिकेचा चेहरा कुठे ठरेना.

मग शॉटलिस्ट बंद केली आणि प्रत्येक शॉटचं एक कार्ड करून सगळी जमिनीवर ओळीने मांडली. क्लोजअपच्या कार्डांवर लाल ठिपका. एकूण १४ ठिपके, त्यातले ११ दुसऱ्या ध्रुवपदाच्या आधीच! पहिल्याच ओळीला आपण थेट डोळ्यांच्या एक्स्ट्रीम क्लोजअपला जातोय. पुढे आवाज चढतो तेव्हा कॅमेऱ्याला आणखी जवळ जायला जागाच उरत नाही.

आता पहिल्या अंतऱ्यात तिचा चेहरा दाखवायचाच नाही. दारातून लांबचा वाइड, कमरेपासून वरचा पाठमोरा मिड आणि गिटारवरच्या बोटांचा इन्सर्ट, म्हणजे फक्त बोटांचा जवळचा शॉट. कॉर्ड बदलताना तिची करंगळी तारेवरून आधी उचलली जाते आणि बोटाच्या टोकावर तारेचा वळ दिसतो, तो शॉट मला फार आवडलाय. पहिल्या ध्रुवपदाला समोरून मिड. दुसऱ्या ध्रुवपदाचे पहिले चार बार एकच क्लोजअप, दहा सेकंद, कट नाही. मोबाइलवर काढलेले कच्चे शॉट लावून पाहिलं. आमचा ड्रमर तोवर फोनमध्ये होता, त्या शॉटला त्याने मान वर केली. मला तेवढं पुरलं.

मिडवरून मिडवर कट करताना जाणवायचा तो झटकाही गेला. कॅमेरा जागचा न हलवता ३५ मिमीची लेन्स काढून ५० लावली होती, त्यामुळे कट न वाटता फ्रेम उडाल्यासारखी वाटायची. आता कोन तीस अंशांहून जास्त फिरवतो आणि शॉटचा साइझही बदलतो.

तयार शॉटलिस्ट टेम्पलेटचा मला काडीचा उपयोग झाला नाही. लेन्स, लोकेशन, प्रॉप सगळ्याला रकाने आहेत, बार नंबरला नाही. म्युझिक व्हिडिओत तोच रकाना पहिला हवा. डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र दर ६० फ्रेमला मार्कर टाकून काम फार सोपं झालं.

ब्रिजला (गाण्याच्या मधल्या वेगळ्या तुकड्याला) गिंबलवर, म्हणजे कॅमेरा न हलू देणाऱ्या दांड्यावर, गोल फिरायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच दुसरं सुचतंय: ब्रिज ४८ फ्रेमवर शूट करायचा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. २४ वर आणलं की ओठ गाण्याला जुळतील, केस आणि ओढणी मात्र संथ हलतील. अडचण दोन. १९२ बीपीएमवर तिला शब्द तोंडात बसवावे लागतील, आणि शटर १/५० सेकंदावरून १/१०० वर गेलं की प्रकाश निम्मा. म्हणजे खोलीचा कोपरा बाद, खिडकीजवळ जावं लागेल. गिंबल सध्या बाजूला. आधी ब्रिजचे चारच बार तिच्याकडून दुप्पट वेगात म्हणवून घेतो, ओठ जुळले तर लाल ठिपक्याचं एक कार्ड तिथे सरकवेन.