प्रवेशिकेवरचा तो एक रकाना

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये जपून ठेवलेलं एक चित्र आहे. चारकोलमध्ये काढलेले म्हातारे हात. उजव्या हाताच्या चिमटीत सुई आहे, पण तिच्यातून निघणारा धागा काढलेला नाही, तो खराच आहे. तांबडा सुती धागा, कागदाला बारीक भोकं पाडून ओवलेला. डाव्या तर्जनीभोवती दोन वेढे घेऊन तो कागदाच्या कडेला जातो आणि तिथून बोटभर खाली लोंबतो. हे काढलं तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची होती.

हे चित्र विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेतून परीक्षकांपर्यंत न पोचताच परत आलं. चूक माझी होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चौदा जणांच्या प्रवेशिका भरायच्या होत्या. ‘विभाग’ या रकान्यापुढची यादी उघडली, चारकोल म्हणजे रेखाटन, असं मनाशी म्हणत ‘रेखाटन’ निवडलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. नियमावलीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं की रेखाटन म्हणजे कागदावर कोरड्या माध्यमात किंवा शाईत केलेलं काम, आणि कागदावर काहीही चिकटवलं किंवा शिवलं असेल तर ते मिश्र माध्यमात पाठवावं. प्रवेशिका छाननीतच बाद झाली. उत्तरात दोनच शब्द होते, ‘चुकीचा विभाग’. ते वाचून मुलीने मला विचारलं, “बाई, म्हणजे चित्र कुणी बघितलंच नाही?”

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी हा रकाना शेवटच्या दिवसावर टाकत नाही. चित्र पूर्ण व्हायच्या आधीच आम्ही त्यावर बोलायला बसतो, आणि त्यात मला जे कळत गेलं ते आज लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट, शब्दांच्या आपल्या व्याख्या बाजूला ठेवायच्या. ‘रेखाटन’, ‘रंगचित्र’, ‘मिश्र माध्यम’ हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो, म्हणून त्यांचा अर्थ ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रत्येक स्पर्धेची रेघ मात्र वेगळ्या जागी असते. पेस्टलचंच घ्या. एका ठिकाणी पेस्टल रेखाटनात असतं, कारण ते कोरडं आणि हातात धरून कागदावर घासायचं माध्यम आहे. दुसऱ्या ठिकाणी अख्खा कागद पेस्टलने भरला असेल तर ते रंगचित्र ठरतं. कुणाचंही चूक नाही. फ्रेंच चित्रकार एदगार दगा याने पेस्टलवर वाफ सोडून, ते ओलं करून ब्रशनेही काम केलं, मोनोटाइपच्या, म्हणजे पत्र्यावर रंग लावून घेतलेल्या एकाच प्रतीच्या, छापावरही पेस्टल चढवलं. त्या चित्रांना काय म्हणायचं? रेखाटन, रंगचित्र की मुद्राचित्र? तीनही उत्तरांना आधार सापडेल. आपल्याला त्या वादात पडायचं नाही, या स्पर्धेने काय म्हटलंय तेवढंच बघायचं आहे. पेन्सिलीवर जलरंगाचा हात, शाईच्या रेषेवर वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर, अशा कामांतही हाच घोळ होतो. नियमावली गप्प असेल तर मी चित्राचा फोटो जोडून आयोजकांना सरळ विचारते. असा प्रश्न विचारायला मुलं लाजतात, पालकही. मीही पूर्वी लाजायचे, आणि त्या लाजेची किंमत एका मुलीने मोजली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकच काम दोन विभागांत नियमाने बसत असेल तर काय करायचं? मी मुलांना म्हणते, एक गोष्ट मनातल्या मनात काढून टाक आणि बघ काय उरतं. एका मुलाने झाडाच्या खोडाचं शाईचं चित्र केलं होतं आणि कोपऱ्यात खऱ्या सालीचा एक तुकडा चिकटवला होता. साल काढली तरी चित्र जसंच्या तसं उभं होतं, उलट जरा मोकळं झालं. त्याने दोन दिवस विचार करून साल स्वतःच काढली आणि रेखाटनात पाठवलं. हातांच्या चित्रातला तांबडा धागा काढा. हात उत्तम काढलेले आहेत, तरी चित्र मुकं होतं. म्हणजे तो धागा सजावट नव्हे, चित्राचं बोलणं तिथे आहे. पिकासोने 1912 साली खुर्चीच्या वेताच्या विणीचा छापा असलेलं ऑइलक्लॉथ एका स्थिरचित्रात चिकटवलं आणि भोवती खरा दोर गुंडाळला. तो दोर आणि ते कापड काढलं तर त्या चित्राचं काय राहील? मुलांना हे लगेच समजतं. त्यांना वस्तू काढून बघायला आवडतं.

विभाग ठरतो तेव्हा आपल्या कामाशेजारी कोणती कामं लागणार आणि परीक्षक कशाची अपेक्षा धरून समोर येणार, हेही ठरतं. रेखाटनाच्या परीक्षकाची नजर रेषेवर, छटांच्या उतरणीवर, कागदाच्या दाण्याचा वापर कसा केलाय यावर जाते. मिश्र माध्यमाचा परीक्षक आधी विचारतो की ही माध्यमं एकत्र का आली. शिल्पकार ब्रांकुशीचं उदाहरण मी दर वर्षी सांगते. 1926 मध्ये त्याचं पक्ष्याचं उंच, चकचकीत काशाचं शिल्प न्यूयॉर्कला पोचलं. कलाकृतीला आयात शुल्क नव्हतं, पण सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसला नाही. त्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयाचं साहित्य या वर्गात टाकलं आणि 40 टक्के शुल्क लावलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 1928 मध्ये निकाल लागला की ही कलाकृतीच आहे. वस्तू तीच, धातू तोच. कुठल्या रकान्यात ठेवली यावरून तिच्याकडे बघण्याची नजर बदलली. ही गोष्ट सांगितली की पाठच्या बाकावरची मुलंही नियमावली मागून घेतात.

मुद्राचित्रणात मोठी गफलत होते. ‘प्रिंट’ हा शब्द वाचून मुलं संगणकावरचं चित्र छापून त्या विभागात देतात. तिथे अपेक्षा असते हाताने तयार केलेल्या ठशाची. लिनो कोरलेला, लाकूड कोरलेलं, स्क्रीन ताणलेली, किंवा काचेवर रंग लावून घेतलेला एकुलता एक छाप. लिनोकट असेल तर छापाखाली डावीकडे पेन्सिलीने किती प्रतींतली कितवी, हे 3/10 असं लिहितात. ते लिहिलेलं दिसलं की परीक्षकालाही कळतं की मूल या कामात मुरतंय. सायनोटाइप मात्र खरोखर पेचात टाकतो. रसायन लावलेल्या कागदावर पान ठेवलं, उन्हात धरलं, पाण्यात धुतलं की निळ्यावर पांढरी आकृती. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही पद्धत 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्स या पद्धतीने सागरी शेवाळांचे ठसे घेऊ लागली. कॅमेरा कुठेच नाही, तरी छायाचित्रणाच्या इतिहासात तिचं नाव सुरुवातीलाच येतं. म्हणून सायनोटाइप छायाचित्रणात पाठवावा असं मला वाटतं, पण विचारल्याशिवाय मी पाठवत नाही.

आणि आता संगणक. मोबाइलवर काढलेला फोटो थोडा उजळ केला, कडा कापल्या, तर तो छायाचित्रच राहतो. दोन फोटो जोडून तिसरंच दृश्य उभं केलं की बहुतेक ठिकाणी तो डिजिटल कलेत जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमेबद्दल तर मी मुलांशी फार गंभीरपणे बोलते. 2023 मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांच्या प्रतिमेला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात पारितोषिक मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं, कारण प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती. पुढच्याच वर्षी उलटं घडलं. छायाचित्रकार माइल्स ॲस्ट्रे यांनी फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो ‘1839 अवॉर्ड्स’ या छायाचित्र स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवला, तो तिथे निवडलाही गेला आणि सत्य कळल्यावर बाद झाला. दोघांनाही काहीतरी दाखवून द्यायचं होतं आणि ते जाणते कलाकार आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रवेशिकेत असं घडलं तर त्यावर ‘लबाडी’ असा शिक्का बसतो, आणि तो पुसायला त्याच्याकडे काहीच नसतं. जे वापरलं ते लिहायचं, यात माझ्याकडे सवलत नाही.

पालक येऊन विचारतात, “बाई, कुठल्या विभागात गर्दी कमी असते?” त्यांची तळमळ मला समजते. मुलाने महिनाभर खपून काम केलेलं असतं, त्याचं चीज व्हावं असं कुणाला वाटणार नाही? पण केवळ जागा मोकळी म्हणून चांगलं जलरंगचित्र मिश्र माध्यमात ढकललं, तर तिथला परीक्षक दुसरं माध्यम शोधत बसतो आणि जलरंगाचा पारदर्शकपणा त्याच्या हिशेबात धरला जात नाही. असं होताना मी पाहिलं आहे. मुलालाही त्यातून भलतंच शिकायला मिळतं.

वयोगटाचं थोडक्यात सांगते, वय कुठल्या तारखेला मोजायचं ते बघा. फॉर्म भरला त्या दिवशीचं वय धरून चुकीच्या गटात गेलेली मुलं मला माहीत आहेत. त्रिमितीय कामात उठाव किती जाडीपर्यंत चालतो, मातीचं भांडं शिल्पात की मृत्कलेत, हेही आधीच विचारून घ्यावं.

फोटोबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बऱ्याच स्पर्धांत पहिल्या फेरीला परीक्षकांसमोर मूळ चित्र नसतंच, पडद्यावरचा फोटो असतो. धाग्याचं चित्र मी समोरून प्रकाश टाकून टिपलं होतं. त्या फोटोत धागा तांबड्या पेन्सिलीने ओढल्यासारखा सपाट दिसतो. नंतर त्या मुलीने ते खिडकीपाशी नेलं आणि प्रकाश एका बाजूने तिरका पडेल असं उभं केलं. लगेच धाग्याची बारीक सावली चारकोलवर पडली, भोकांच्या उचललेल्या कडा दिसल्या, लोंबणारं टोक कागदापासून सुटं झालं. मिश्र माध्यमात पाठवायचं तर ती सावली फोटोत यायलाच हवी, नाहीतर परीक्षक विचारेल, यात दुसरं माध्यम कुठे आहे? आणि छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल मागितले असतील तर 10 बाय 8 इंचाला 3000 बाय 2400 पिक्सेल लागतात, हा हिशेब मुलांनी स्वतः करावा.

आता वर्गात आम्ही एक सवय लावून घेतली आहे. काम सुरू केल्या दिवसापासून कागदाच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने साहित्य लिहीत जायचं. वापरलं की लिहायचं, शेवटी आठवत बसायचं नाही.

ती मुलगी आता सतरा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने नवं चित्र दाखवायला आणलं, अजून अर्धंच झालेलं. मी ते उलटं केलं. मागे लिहिलं होतं: चारकोल, सुती धागा, जुन्या वहीचं पान, त्यावरचा शाईचा मूळ मजकूर तसाच ठेवला आहे. त्याखाली ‘विभाग’ असं लिहून तिने जागा कोरी सोडली होती.

“काय लिहू बाई?” असं ती या वेळी विचारत नव्हती. वहीचं पान काढून बघायचं आहे, म्हणाली, आणि चित्र घेऊन खिडकीपाशी गेली.