डायनामो काढून टाकायच्या आधी

श्रावणात निपाणीहून परत येताना वंटमुरी घाटात आमच्या अँबेसिडरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला, तो घरापर्यंत विझला नाही. पाऊस होता. वायपर चालू, हेडलाईट चालू. काकती येईपर्यंत हेडलाईटचा उजेड पिवळा पडला आणि वायपर काचेवर अडखळत सरकू लागला. कसाबसा बेळगावात शहापूरला घरी पोचलो. दारात गाडी बंद केली आणि लगेच परत सेल्फ मारून बघितला, तर नुसतं ‘टक्’.

गाडी 1966 ची, मार्क टू. आबांनी घेतलेली. आठवडाभर ज्याला विचारलं त्यानं एकच सल्ला दिला: डायनामो (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढून टाक, त्याच्या जागी हल्लीचा ऑल्टरनेटर बसव, कटकट मिटेल. सल्ला चुकीचा नाही. रोज गर्दीत गाडी चालवायची असेल तर मीही तेच सांगेन, कारण इंजिन मंद गतीवर असताना डायनामो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. पण मी महिन्यातून तीन-चार वेळा गाडी काढतो, तीही मोकळ्या रस्त्यावर. डायनामोच्या अंगावर लुकास टीव्हीएसचा शिक्का आहे आणि ‘सी 40’ असा नमुना. हा डायनामो 22 अँपिअर देतो. दोन हेडलाईटना साधारण साडेसात अँपिअर लागतात, इग्निशनला तीन-चार, वायपरला दोन-तीन. हिशोब बसतो. साठ वर्षांपूर्वी याच डायनामोवर आबा रात्री-अपरात्री संकेश्वर-निपाणी करायचेच की. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देणारा केंद्राचा 2021 चा नियमही गाडी मूळ रूपात असावी असंच म्हणतो. मला मात्र नियमापेक्षा आबांनी जपलेली वस्तू जागच्या जागी राहायला हवी होती.

पहिल्या रविवारी मी माझ्या बुद्धीनं सुरुवात केली. फॅनबेल्ट बघितला. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबला तर चांगला इंचभर आत जात होता. अर्धा ते पाऊण इंच पुरे. डायनामोचे बोल्ट सैल करून तो बाहेर ओढला, बेल्ट ताणला, बोल्ट आवळले. बॅटरी हायड्रोमीटरनं (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजून) तपासली: पूर्ण भरलेल्या बॅटरीत आकडा 1.280 च्या आसपास असावा, माझ्याकडे 1.150 होता. ती रात्रभर चार्जरला लावली. सकाळी गाडी सुरू केली. लाल दिवा तसाच.

या दिव्याचं काम एकदा समजून घेतलं की निम्मी भीती जाते. त्याचं एक टोक स्विचमधून बॅटरीला आणि दुसरं डायनामोला जोडलेलं असतं. दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा झाला की दिवा विझतो. तो जळतोय म्हणजे डायनामो बॅटरीपेक्षा खाली आहे, एवढंच. दोष डायनामोचा की कटआउटचा (आमच्याकडे सगळे मिस्त्री त्या पूर्ण रेग्युलेटरच्या डब्याला कटआउटच म्हणतात), हे दिवा सांगत नाही.

मग वडगावातल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. वय झालंय, गॅरेज बंद केलंय. पण एके काळी गावातली निम्मी आर्मेचरं (डायनामोच्या आतला तार गुंडाळलेला फिरता भाग) त्यांच्या हातून भरून गेली. मी सांगायला लागलो तर मध्येच म्हणाले, “कार्बन बघितलास काय आधी?”

“नाही काका.” कार्बन म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागावर टेकून करंट नेणारे ब्रश.

“मग डायनामो मेला म्हणून कोण सांगितलं तुला?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. सोबत काट्याचा जुना मीटर. आकड्यांचा मीटर इथं नको, आकडे उड्या मारतात, काटा कसा चढतो ते बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला नंतर पटलं.

पहिली तपासणी डायनामोची एकट्याची. त्याच्या मागच्या बाजूला दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोन्हींच्या वायरी काढल्या, चिठ्ठ्या बांधून बाजूला ठेवल्या, आणि डी व एफ एका तारेनं एकमेकांना जोडले. मीटरचं एक टोक या जोडावर, दुसरं बॉडीवर. आमच्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला आहे, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश घडणीच्या गाड्यांसारखं, म्हणून मीटरची लाल वायर बॉडीला. पुतण्याला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवला. काका बॉनेटवर वाकून सांगत होते, “निधान. निधान.” कानडीतला हा शब्द आमच्या मराठीत कधीचाच रुळलाय, आणि या कामाला दुसरा शब्द नको. डी आणि एफ जोडले की डायनामोला लगाम राहत नाही. तो स्वतःच्याच करंटनं स्वतःचं चुंबक वाढवत जातो. काटा 20 व्होल्टवर आला की तिथं थांबायचं, जास्त पळवलं तर कॉईल जळते.

आमचा काटा कधी अर्धा व्होल्ट, कधी पाऊण. वर जाईचना.

काका खूश झाले. चार-पाच व्होल्ट आले असते तर आर्मेचरची शंका होती, आणि तो खर्चाचा मामला. एक व्होल्टच्या आत म्हणजे लोखंडात शिल्लक असलेल्या चुंबकत्वाचा व्होल्टेज तेवढा मिळतोय. फील्ड कॉईल (चुंबक तयार करणारी, न फिरणारी गुंडाळी) तुटलीय, नाहीतर कार्बन टेकत नाहीत.

डायनामो उतरवला. दोन लांब बोल्ट काढले की मागचं झाकण सुटतं. आत काळी पूड, बोटाला मऊ लागणारी. एक कार्बन घरात सरकत होता, दुसरा तिरका होऊन अडकला होता. स्प्रिंग त्याला दाबत होती, पण तो हलत नव्हता. कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, त्याच्या बाजूला जळाल्याचे डाग. फील्ड कॉईल मोजली तर 6 ओहम, म्हणजे ठणठणीत.

पुढचे दोन तास मला फार आवडले. कार्बनची घरं पेट्रोलच्या फडक्यानं पुसली. कम्युटेटरला काचेचा बारीक पेपर लावला. एमरी नाही, तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक झिजलेल्या तांब्याच्या बरोबरीला आला होता. काकांनी हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा दगडावर घासून पातळ केला आणि एकेका फटीतून ओढून अभ्रक साधारण पाऊण मिलिमीटर खाली नेला. मी दोन फटी केल्या, बाकीच्या त्यांनी. त्यांचा हात आता थरथरतो, पण ब्लेड फटीत गेलं की सरळ चालायचं.

डायनामोचा दांडा ज्यात फिरतो ते मागचं बुश सैल होतं, ते बदललं. नवीन बुश थेट ठोकायचं नाही. ते सच्छिद्र ब्राँझचं असतं, 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, म्हणजे तेल त्याच्या अंगात मुरतं. त्यामुळे काम एक दिवस लांबलं.

कार्बनही नवे घातले. जोडताना ते आडवे येतात, कम्युटेटर आत जाऊ देत नाहीत. काकांची युक्ती अशी: कार्बन वर ओढायचे आणि स्प्रिंग त्यांच्या डोक्यावर न ठेवता बाजूला टेकवायची, म्हणजे ते वरच अडकून राहतात. झाकण अर्धा इंच उरलं की त्याच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग उचलायची. ‘चट्’ आवाज येतो आणि कार्बन जागेवर बसतो.

गाडीवर चढवायच्या आधी त्यांनी डायनामो जमिनीवर ठेवला. डी आणि एफ एकत्र करून बॅटरीच्या निगेटिव्हला, अंग पॉझिटिव्हला. डायनामो मोटरसारखा फिरायला लागला, सावकाश, एका लयीत. इतक्या दिवसांनी त्याला फिरताना बघून माझा जीव भांड्यात पडला. यातच त्याची पोलॅरिटीही (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशा) बॅटरीशी जुळते. गाडीवरच करायचं असेल तर एफची वायर काढून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाची तार एफला क्षणभर टेकवायची. ठिणगी पडते, तेवढं पुरे.

हे पोलॅरिटीचं प्रकरण मी विसरू शकत नाही. मार्चमध्ये एका दुकानात बॅटरी बदलून घेतली होती. तिथल्या मुलानं हल्लीच्या गाड्यांसारखी निगेटिव्ह बॉडीला जोडली. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी जाड असते, त्यामुळे क्लॅम्प बसेना, तर त्यानं तो ठोकून बसवला. ठोकल्याचा आवाज ऐकूनही मी वाकून बघितलं नाही. दोन किलोमीटरवर कटआउटमधून कडकड आवाज आणि जळका वास. बॅटरी त्याच दिवशी उलटून घेतली, पण कटआउट उघडून बघायचं राहून गेलं. आता कळलं ते चुकलं.

डायनामो चढवून परत पहिली तपासणी केली. काटा न अडखळता 20 वर. म्हणजे डायनामो बरा झाला. मगच काकांनी कटआउटचं झाकण काढलं. त्यांचा नियमच आहे, डायनामो पास झाल्याशिवाय कटआउटच्या स्क्रूला हात लावायचा नाही. आत दोन गुंडाळ्या: एक कटआउटची (डायनामो बॅटरीपेक्षा खाली गेला की बॅटरी वेगळी करणारी), एक रेग्युलेटरची (व्होल्टेज आवरणारी). कटआउटचे पॉइंट काळे ठिक्कर, मार्चची खूण. काचेचा पेपर ओढून ते साफ केले. ई टर्मिनलची बॉडीला जाणारी वायर गंजली होती, तीही घासली. बॉडीची ही अर्थिंग कच्ची असेल तर रेग्युलेटरला खरा व्होल्टेज कळत नाही.

मग वहीच्या कागदाची पट्टी कटआउटच्या पॉइंटमध्ये सरकवली, म्हणजे बॅटरी वेगळी पडली. मीटर डी आणि बॉडीमध्ये. पुतण्याला परत “निधान”. काटा चढला, थरथरला आणि 14.8 वर थांबला. बॅटरी वेगळी असताना या रेग्युलेटरला 16 च्या आसपास हवेत. लॉकनट सैल करून स्क्रू घड्याळाच्या दिशेनं अगदी थोडा, परत रेस, परत बघायचं. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत, कारण गुंडाळी तापली की काटा खोटं सांगतो. पाचव्या खेपेला 16.1. नट आवळला. कागद काढल्यावर काटा 13 पर्यंत गेला, टक् करून पॉइंट मिटले आणि काटा किंचित खाली आला. कटआउटही बरोबर वेळेवर मिटत होता, त्याला काही करावं लागलं नाही.

खंडेनवमीला गाडी धुऊन हार घातला, पूजा केली, आणि संध्याकाळी मुद्दाम अंधार पडल्यावर निपाणीला निघालो. संकेश्वरला चहाला थांबताना इंजिन मंद झालं तसा लाल दिवा मिणमिणला, पाय दिला की विझला. डायनामोच्या गाडीत हे असंच असतं. परतताना वंटमुरी घाटाच्या वर गाडी बाजूला घेतली, हेडलाईट चालू ठेवून इंजिनला थोडी रेस दिली आणि बॅटरीवर मीटर लावून काकांना फोन केला.

“किती दाखवतोय?”

“तेरा पॉइंट आठ.”

“मग आता हात लावू नको त्याला.”