रस्टेनबर्गच्या खाणपट्ट्यात चार दिवस: पहाटेची रांग आणि उबुंटू

जुलैत दक्षिण आफ्रिकेत रस्टेनबर्गला जाऊन आले. जोहान्सबर्गहून दोनेक तास, सगळा प्लॅटिनमच्या खाणींचा पट्टा. माझं माहेर घुग्गुसचं, कोळशाच्या धुळीतच वाढले, त्यामुळे खाणीच्या गावात बाईमाणसाला दवाखाना कसा मिळतो हे मला स्वतः बघायचंच होतं.

तिकडे उबुंटू हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. त्याच अर्थानं तिथल्या त्स्वाना भाषेत म्हणतात "मोथो के मोथो का बाथो", माणूस माणसांमुळे माणूस होतो. पण मारिकाना या खाणगावाजवळच्या पत्र्याच्या वस्त्यांमधे बरेच लोक ईस्टर्न केप प्रांतातून नाहीतर शेजारच्या लेसोथो देशातून खाणीच्या कामासाठी आलेले, आई, मावशी, सासू सगळ्या गावाकडे, मग बाळंतपणाला कोण? तर शेजारीण.

हे मला नीट कळलं ते रांगेत. आपल्या आशाताईंसारख्या एका आरोग्यसेविकेबरोबर पहाटे पाचला एका सरकारी क्लिनिकपाशी पोचलो, थंडीनं बोटं वळत नव्हती, फाटक बंद आणि रांगेत बायका कमी, जागा धरायला ठेवलेल्या वस्तूच जास्त. कुणाचा दगड, कुणाची पालथी बादली, एक लाल चप्पल. दिवस भरत आलेली एक बाई आपला दगड मागचीवर सोपवून घरी गेली, पोराला शाळेत सोडून तासाभरानं आली आणि सरळ आपल्या जागेवर उभी राहिली, कुणी चकार शब्द काढला नाही.

मग फाटक उघडलं आणि आतून आलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायला सुरुवात केली, तू कशाला, तू कशाला. विशीतली एक मुलगी काही न बोलता मागे वळून निघून गेली. मला फार लागलं ते. जी रांग जागा राखते तिच्याच नजरेला ती घाबरली, आणि उबुंटूचं कौतुक करताना ही बाजू आपण सोडून देतो असं मला मनापासून वाटतं.

कायदा खरं तर बाईच्या बाजूनं आहे. १९९६ चा गर्भपाताचा कायदा १९९७ पासून लागू झाला, १२ आठवड्यांपर्यंत तिनं मागितलं की पुरे, नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिची वाट अडवणं हा गुन्हा आहे. राज्यघटनेच्या २७ व्या कलमात प्रजनन आरोग्यसेवेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तरी विजेच्या खांबांवर "झटपट, वेदनारहित" अशी बेकायदा गर्भपाताची पत्रकं फोन नंबरासकट चिकटवलेली, ती घाबरलेली मुलगी तिकडेच जाणार ना? वस्तीतल्या बायकांनी यावर आपल्या परीनं वाट काढलीये, कुणी एकटी घाबरत असेल तर एखादी वयस्कर बाई तिची मावशी म्हणून सोबत जाते आणि खिडकीशी तीच बोलते. उबुंटू मला तिथं दिसला.

आता जाणाऱ्यांसाठी. वस्तीत एकटं शिरू नका, ओळखीची स्थानिक बाई सोबत हवीच. शेअर टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसलात तर सगळ्यांचे पैसे गोळा करून सुटे परत द्यायचं काम तुमच्यावर येतं, जमत नसेल तर मागे बसा. आधी "दुमेला मा" (नमस्कार, बाई) म्हणा, मग बोला, घाईनं प्रश्न विचारलेले त्यांना आवडत नाहीत. क्लिनिकच्या आवारात फोटो अजिबात नको, रांगेचाही नाही, कोण कशासाठी आलंय हे त्या फोटोतून गावभर होऊ शकतं. मारिकानाच्या टेकडीकडे गेलात तर शांतपणे उभं राहा, १६ ऑगस्ट २०१२ ला तिथं पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाणकामगार गेले, त्यांच्या विधवांपैकी काहीजणींनी पुढे नवऱ्याच्या जागी खाणीत नोकरी धरली.

जुलैत जाणार असाल तर थर्मास भरून चहा न्या आणि कप चारपाच जास्तीचे ठेवा. रांगेत एकटीनं प्यायचा नसतो.