मेंढीच्या कलेजीतली गाठ

आज कत्तलखान्यात नमुने घेताना एका म्हाताऱ्या मेंढीच्या कलेजीत लिंबाएवढी पांढरी गाठ सापडली. हायडॅटिड! म्हणजे पट्टकृमीच्या अळीची, पाण्याने भरलेली गाठ. आतलं पाणी सुईने ओढलं. मायक्रोस्कोपखाली पट्टकृमीची इवलीइवली डोकी आणि त्यांवरचं आकड्यांचं कडं स्पष्ट दिसलं. याचा प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. विष्ठेतून पडलेली अंडी चाऱ्यावाटे मेंढीच्या पोटात जातात, आणि न धुतलेल्या हातांवाटे माणसाच्याही. मग यकृतात, फुप्फुसात गाठ वर्षानुवर्षं वाढते, पत्ताच लागत नाही.

आणि अशी कलेजी सरळ बाहेरच्या कुत्र्यांपुढे टाकतात! ती खाल्ली की हीच डोकी कुत्र्याच्या आतड्यात वाढून प्रौढ कृमी होतात. फार राग येतो. तिथल्या चाचांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं. "थेंबभर पाण्यात एवढे?" म्हणाले. खराब कलेजी जाळायची किंवा खोल पुरायची, हे त्यांना लगेच पटलं. आता मेंढपाळांच्या वाड्यांवर जाऊन कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्यायचंय.