एसआरटी १०१: मीटर का चुकत होतं

वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडे आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर तपासायला वेगळं सामान लागत नाही. फिल्मची संवेदनशीलता २०० आयएसओ धरून लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/२५० सेकंद, की भर दुपारचं एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) जवळपास बरोबर. आमच्या मिनोल्टा एसआरटी १०१ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला मात्र तिथे अर्धा स्टॉप जास्त उजेड दिसायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ओसरीत चूक कमी, आणि माजघरात काटा फोनच्या मीटरशी बरोबर जुळायचा.

चूक सगळीकडे सारखी असती तर आयएसओची तबकडी थोडी सरकवून भागलं असतं. उजेडागणिक बदलणाऱ्या चुकीला तो इलाज चालत नाही.

पहिला संशय अर्थातच सेलवर. हा कॅमेरा १९६६ चा, १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या पीएक्स ६२५ सेलसाठी बनवलेला. पाऱ्याचे सेल बाजारातून केव्हाच गेले. अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्यानेच बंदी आली. आता मिळतो तो अल्कलाइन, नवा असताना दीड व्होल्टच्या वर, आणि वापरता वापरता उतरत जाणारा. व्होल्टेज जास्त म्हणजे काटा वर, म्हणजे फिल्मवर उजेड कमी.

म्हणून कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल आणला. १.४ व्होल्ट, बराच स्थिर. खाच १५.६ मिलिमीटरची आणि सेल ११.६ चा, म्हणून भोवती रबरी रिंग घातली. हा सेल हवेवर चालतो, म्हणून त्याची चिकटपट्टी काढून थोडा वेळ हवा खाऊ दिली आणि कॅमेरा उन्हात धरला, तर चूक उलटी! आता स्टॉपभर कमी उजेड दाखवतोय.

इथे खरी मजा आहे. बॅटरी चेकला काटा नव्या सेलवरही खुणेपर्यंत पोचेना. मग बुडाची पत्री उघडली. सेलच्या खाचेतून निघणारी बारीक तार टाक्याजवळ हिरवी पडली होती. आवरण जरा सोललं तर आतला तांब्याचा धागाही हिरवा, नखाने भुगा होणारा. मल्टिमीटरवर जिथे शून्याजवळ यायचं तिथे दोन-तीनशे ओहम. मीटरमध्ये उजेड ओळखणारा सीडीएस सेल असतो (हा बॅटरीचा सेल नव्हे). भर उन्हात त्याचा स्वतःचा रोध खूप कमी होतो, म्हणून असला फुकटचा रोध तिथेच जास्त नडतो. अंधारात या फुकटच्या रोधाचा पत्ताही लागत नाही. अल्कलाइनचं जास्तीचं व्होल्टेज इतके दिवस ही सडकी तार झाकून घेत होतं.

गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने तार पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हे तं पुरी सडली. साफ करून नाई भागत, बदलूनच टाका." बदलली. खाचेतला पत्रा व्हिनेगरच्या कापसाने पुसला. त्याच नव्या तारेत व्होल्टेज थोडं उतरवायला शॉटकी डायोड नावाचा छोटा भागही टाकून घेतला, कारण झिंक-एअर एकदा उघडला की सुकायला लागतो आणि आपल्या वैशाखात तो किती टिकणार? डायोड साधारण ०.२ व्होल्ट खातो, म्हणजे १.५५ चा सिल्व्हर ऑक्साइड एसआर ४४ बरोबर जागेवर येतो. सिल्व्हरच घ्या, तसाच दिसणारा एलआर ४४ अल्कलाइन आहे.

तपासणी नेहमी सपाट, एकरंगी भिंतीवर करा. या कॅमेऱ्यात प्रिझमवर दोन सीडीएस सेल आहेत, एक चौकटीच्या वरच्या भागासाठी, एक खालच्या. अर्ध्या चौकटीत आभाळ आलं की तुलना फसते. आयपीसमधूनही उजेड आत शिरतो, डोळा नीट टेकवा.

सध्या उन्हात आणि ओसरीत फरक जाणवत नाही. माजघरात पाव स्टॉप इकडेतिकडे आहे, तेवढ्यासाठी वरचं झाकण उघडणार नाही. कापसाच्या गंजीवर मीटर धरलं तर ते अजूनही फिल्मला दीडेक स्टॉप उजेड कमीच देणार, पण तो दोष कॅमेऱ्याचा नाही. पांढऱ्यालाही मीटर करडंच समजतं. तिथे तळहातावर मीटर करून एक स्टॉप वाढवतो. रोल निम्मा झालाय, नागपूरला धुवायला जाईल तेव्हा निगेटिव्हची घनता पाहून डायोड ठेवायचा की काढायचा ते ठरेल.